शिकागोतलं हॅन्सबेरींचं घर आणि आमच्या खरेदीखतातलं एक कलम

पाणंद
गेल्या महिन्यात घर घेतलं. शिकागोच्या पश्चिमेला, १९३९ चं बांधकाम, तळघरात ओल, पण स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं म्हणून हो म्हटलं. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की करायच्या दिवशी कागदांचा जो गठ्ठा दिला त्यात टाइपरायटरवर टंकलेल्या एका जुन्या पानाची झेरॉक्स होती. त्यातलं सातवं कलम असं, की या वस्तीतल्या कुठल्याही घरात गोऱ्या वंशाखेरीज कोणी राहायचं नाही, घरातले नोकर सोडून.

वकीलबाई म्हणाल्या, "ते मेलेलं कलम आहे, सही करा." केली. घरी आल्यावर सासूबाईंना (सांगलीहून आल्यात, सहा महिने) वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आपण कुठल्या खात्यात?"

झोप उडाली ती उडालीच. शोधता शोधता हॅन्सबेरी कुटुंबापाशी पोचले. कार्ल हॅन्सबेरी मूळचे मिसिसिपीचे, कृष्णवर्णीय, शिकागोत जागांच्या धंद्यात चांगले स्थिरावलेले. बायको नॅनी, चार मुलं. १९३७ साली त्यांनी वुडलॉन भागात ६१४० साउथ ऱ्होड्स अव्हेन्यू हे घर घेतलं. त्या भागातल्या मालकांनी आपसात करार केला होता की कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. ॲना ली नावाच्या शेजारणीने आणि इतरांनी दावा लावला. घराबाहेर जमाव आला. खिडकीतून विटेचा का काँक्रीटचा तुकडा आत आला तो धाकट्या लॉरेनला लागता लागता राहिला. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९३९ मध्ये हॅन्सबेरी हरले, आणि १२ नोव्हेंबर १९४० ला वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले.

निकाल मात्र वाचला तर वंशाबद्दल त्यात जवळपास काहीच नाही. असले करार चूक की बरोबर, यावर न्यायालय बोललंच नाही. माझा प्रश्न एवढाच, की मग ते नक्की काय जिंकले?

गवती_चहा
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून निवांत वाचतो.

पुढची_तारीख
पाणंद, प्रश्न नेमका आहे. वकिली करतो म्हणून थोडं पाल्हाळ.

तो करार आपोआप लागू होणार नव्हता. त्या भागातल्या रस्त्यालगतच्या जागेच्या ९५ टक्के मालकांनी सही केली तरच तो सगळ्यांवर बंधनकारक, अशी अट त्यातच होती. सह्या भरल्या होत्या ५४ टक्क्यांच्या आसपास.

मग लागू कसा झाला? तर हॅन्सबेरींच्या आधी तिथे एक खटला झाला होता, बर्कविरुद्ध क्लाइमन. त्यात दोन्ही पक्षांनी न्यायालयात मान्य करून टाकलं की ९५ टक्के सह्या आहेत. कोणी मोजलंच नाही. हॅन्सबेरींच्या वेळी इलिनॉयचं न्यायालय म्हणालं, विधान खोटं होतं हे कबूल, पण त्या मुद्द्याचा निकाल आधी लागलाय, आता तो उकरता येणार नाही. याला आपल्याकडे प्राङ्न्याय म्हणतात.

न्या. स्टोन यांनी वॉशिंग्टनला नेमकं तेच खोडलं. काही मालकांना करार हवा, काहींना नको. दोघांचे हितसंबंध उलटे. मग हवा असणाऱ्यांनी लढवलेला खटला नको असणाऱ्यांच्या वतीने लढवला गेला, असं कसं म्हणता येईल? ज्यांना बाजू मांडायची संधीच मिळाली नाही त्यांच्यावर तो निकाल लादता येत नाही. संपलं. दिवाणी प्रक्रिया शिकवताना आजही हा खटला शिकवतात, आणि वर्गातली अर्धी पोरं हॅन्सबेरी काळे होते हे कळायच्या आत पुढच्या धड्यावर जातात.

अडगुलं_मडगुलं
९५ टक्के सह्या!! आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायची तर कोरम भरायला वॉचमनला घरोघरी पाठवावं लागतं.

गच्चीवरची_मांजर
@पुढची_तारीख, बर्क प्रकरणाची खरी गंमत राहिली की हो. तो आधीचा दावा लावणाऱ्या ऑलिव्ह बर्क. त्यांचे यजमान जेम्स बर्क घरमालकांच्या संघटनेत पदाधिकारी होते. पुढे त्यांचं आणि संघटनेचं बिनसलं, आणि हॅन्सबेरींना ते घर मिळवून देण्यात याच बर्क साहेबांचा हात होता. समोर नाव दुसऱ्याच गोऱ्या माणसाचं.

म्हणजे बायकोने करार टिकवला आणि नवऱ्याने मोडला. तत्त्वबित्त्व काही नाही, निव्वळ भाऊबंदकी.

पुढची_तारीख
@मांजर, बरोबर, घाईत राहिलं. आणि भाऊबंदकीने जेवढे कायदे घडवलेत तेवढे तत्त्वांनी घडवले नसतील. :)

खडीसाखर
सगळे खटल्यावर बोलताहेत म्हणून लॉरेनच्या आईबद्दल लिहिते.

लॉरेन पुढे नाटककार झाली. १९५९ मध्ये तिचं नाटक ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय बाईने लिहिलेलं ब्रॉडवेवरचं ते पहिलं नाटक. १९६४ मध्ये तिने एका वर्तमानपत्राला पत्र पाठवलं, त्यांनी ते तेव्हा छापलं नाही. त्यात तिने त्या घरातले दिवस सांगितलेत. शाळेत जाता-येता लोक थुंकायचे, शिव्या घालायचे, मारायचे. आणि रात्री आई भरलेलं जर्मन लुगर पिस्तूल हातात घेऊन घरभर फेऱ्या मारायची, चार पोरं झोपलेली असताना. वडील तेव्हा वॉशिंग्टनच्या न्यायालयात लढ्याचा 'प्रतिष्ठित' भाग लढत होते, अशा अर्थाचं तिने लिहिलंय.

हा टोमणा वडिलांना आहे की आपल्याला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नॅनीबाई शिक्षिका होत्या. मी पण आहे. दिवसा लोकांच्या पोरांना शिकवून आलेली बाई रात्री दोन वाजता जिन्यात उभी आहे, कुठलीशी गाडी हळू झाली की कान टवकारतेय. मला त्या खटल्यातलं एवढंच दिसतं.

कोरडा_दुष्काळ
थोडा विरुद्ध सूर लावतो, चपलांची तयारी ठेवा.

या हॅन्सबेरींना शिकागोत 'किचनेट किंग' म्हणत. मोठा फ्लॅट घ्यायचा, लाकडी पार्टिशनं टाकून एकेका खोलीची बिऱ्हाडं करायची, कोपऱ्यात शेगडी ठेवायची, मजल्यावर एक संडास, आणि दक्षिणेतून आलेल्या आपल्याच गरीब लोकांना भाड्याने द्यायचं. एकेक कुटुंब एकेका खोलीत. त्या पैशातून स्वतःसाठी गोऱ्यांच्या वस्तीत घर. आणि आपण त्यांची आरती करतोय?

गवती_चहा
+१ कोरडा. मालक तो मालकच.

नदीपलीकडे
दादा, माहिती चूक नाही, पण ती खुराडी कशामुळे चालली ते पण बघा की.

दक्षिणेतून लोक गाड्या भरभरून येत होते. राहायला मात्र साउथ साइडची एक चिंचोळी पट्टी, तिला 'ब्लॅक बेल्ट' म्हणत. पट्टीच्या कडेने सगळीकडे हेच करार. शिकागोच्या रिअल इस्टेट बोर्डाने १९२७ मध्ये त्याचा नमुना मसुदाच करून दिला होता, नाव आणि रस्ता भरायचा की झालं. आणि करारापलीकडे पाऊल टाकलं की बॉम्ब. १९१७ ते १९२१ या काळात शिकागोत ५८ घरांवर बॉम्ब टाकले गेले. मधल्या १९१९ च्या दंगलीत ३८ माणसं मेली, २३ काळी, १५ गोरी.

माणसं वाढताहेत आणि जागा तेवढीच, म्हटल्यावर भाडं चढणारच आणि पार्टिशनंही पडणारच. हॅन्सबेरींनी त्यात पैसे केले हे खरं. पण ती पट्टी त्यांनी आखली नव्हती. उलट ती फुटली तर त्यांचाच धंदा बसणार होता, तरी त्यांनी ती फोडायला पैसे घातले.

कोरडा_दुष्काळ
@नदीपलीकडे, शेवटचं वाक्य पटलं. आधीचं निम्मं. एका खोलीत राहणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने मालकाचं नाव घेऊन बोटं मोडली असती, पट्टीचं नाही. माणूस दोन्ही असू शकतो एवढंच म्हणणं.

अडगुलं_मडगुलं
गिरगावात आमची पण एकच खोली होती, संडास गॅलरीच्या टोकाला, सकाळी टमरेल घेऊन नंबर लावायचा. आम्ही काय नाटक लिहिलं नाही त्यावर. (दिवे घ्या, गंमत आहे)

नदीपलीकडे
दिवे घेतले. पण अडगुलं, तुमच्या बाबांनी चार पैसे जोडल्यावर काय केलं?

अडगुलं_मडगुलं
डोंबिवलीला ब्लॉक घेतला. १९७८.

नदीपलीकडे
बाहेर जमाव आला होता?

अडगुलं_मडगुलं
पाणी येत नव्हतं फक्त.
बरं, पोचला मुद्दा.

हिशेबाची_वही
त्या मुद्द्याला पैशाची बाजू जोडतो. मॉर्टगेजच्या धंद्यात आहे, न्यू जर्सी.

हॅन्सबेरींकडे पैसे होते, ओळखी होत्या. ज्यांच्याकडे फक्त नोकरी होती त्यांचं काय? १९३४ मध्ये सरकारने एफएचए (फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन) काढलं. बँकेने घरासाठी कर्ज दिलं आणि ते बुडालं तर हमी सरकारची. त्यामुळेच सामान्य अमेरिकन माणसाला लांब मुदतीचं, कमी डाउन पेमेंटचं कर्ज मिळू लागलं. पण एफएचएच्या १९३८ च्या नियमपुस्तकात पाणंदच्या सातव्या कलमासारखे करार असावेत अशी शिफारसच होती. आणि काळ्या वस्त्या नकाशांवर लाल. तिथे हमी नाही, म्हणजे बँक नाही.

मग शिकागोत दलाल आले. गोऱ्या मालकाला घाबरवायचं, काळे येताहेत, भाव पडेल, विकून मोकळे व्हा. स्वस्तात घर घ्यायचं आणि तेच काळ्या कुटुंबाला कितीतरी चढ्या भावाने 'कॉन्ट्रॅक्ट'वर द्यायचं. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. दुरुस्ती तुमची, टॅक्स तुमचा, आणि एखादा हप्ता चुकला की घरही गेलं, भरलेले पैसेही गेले. मग तेच घर पुढच्याला.

हप्ता भरायला नवरा दोन नोकऱ्या करणार, बायको एक, घरात पोटभाडेकरू ठेवणार, छताकडे बघायला पैसे उरणार नाहीत. मग शेजारी म्हणणार, बघा, हे लोक आले की वस्तीची कळा जाते.

१९६८ मध्ये शिकागोतल्याच लॉनडेल वस्तीच्या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढली आणि हप्तेच थांबवले. काहींना घराबाहेर काढलं, काहींचे करार बदलून मिळाले. मी रोज लोकांचे क्रेडिट स्कोअर बघतो. आजोबांचं घर नावावर असलेला पोरगा आणि आजोबांनी कॉन्ट्रॅक्टवर घर गमावलेला पोरगा एकाच टेबलावर येतात, फॉर्मवर ते दिसत नाही.

खडीसाखर
वही, हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा ना. प्लीज.

सत्तावीस_पायऱ्या
बराच वेळ वाचतोय. नागपूरचा, सध्या पुण्यात.

वर सगळे शिकागोवर हळहळताहेत, चांगलं आहे. मागच्या वर्षी मी घर बदलत होतो. फोनवर सगळं ठरलं. डिपॉझिट, तारीख, पार्किंग. बघायला गेलो, मालकीणबाईंनी सरबत दिलं. मग पूर्ण नाव विचारलं. मग गाव. मग "तुमच्यात खाणं कसं असतं?" मी म्हटलं, खातो सगळं, घरात करणार नाही. सरबताचा ग्लास अजून माझ्या हातात होता. संध्याकाळी एजंटचा मेसेज, त्यांचा पुतण्या येतोय राहायला. तो फ्लॅट पुढे दोन महिने साइटवर दिसत होता. पुतण्या बहुतेक चालत येत असेल.

बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकून आले आणि १९१७ ला बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. वहीत पारशी नाव लिहून पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी दहा-बारा माणसं काठ्या घेऊन दारात. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ॲना लीच्या बाजूने निदान कागद तरी होता.

कोरडा_दुष्काळ
सत्तावीस, वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. मालकाचं घर, भाडेकरू कोण ठेवायचा हा त्याचा हक्क नाही का?

सत्तावीस_पायऱ्या
राग नाही, सवय आहे. हाच युक्तिवाद वुडलॉनच्या मालकांचा होता, आमची मालमत्ता आमचा करार. फक्त त्यांना तो मोडणाऱ्या शेजाऱ्याच्या मालमत्तेवरही हक्क हवा होता. विकणाऱ्याला विकायचं होतं, हॅन्सबेरींना घ्यायचं होतं. मध्ये कोण आलं?

पुढची_तारीख
सत्तावीसचा मुद्दा कायद्याने अगदी तसाच पुढे गेला. १९४८ चा शेलीविरुद्ध क्रेमर. सेंट लुइसचं शेली कुटुंब, सहा मुलं, लाबाडी अव्हेन्यूवर घर. तिथे न्यायालयाने म्हटलं की खासगी माणसांनी आपसात करार केला तर करोत, पण तो अमलात आणायला सरकारी न्यायालय वापरता येणार नाही, कारण ती सरकारची कृती झाली. नऊपैकी तीन न्यायमूर्ती खटल्यातून बाजूला झाले. कारण दिलं नाही, पण त्यांची स्वतःची घरं असल्याच करारांखाली असावीत असं सर्रास मानलं जातं.

आणि आपल्याकडे? २००५ चा झोरोॲस्ट्रियन सोसायटीचा निकाल वाचा. अहमदाबादची पारशी गृहनिर्माण संस्था, एका सभासदाला बाहेरच्याला विकायचं होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीचा उपविधी उचलून धरला, सभासदत्व पारशांपुरतं ठेवता येतं म्हणून. सहकारी संस्थेचं स्वातंत्र्य. शेलीच्या बरोबर उलट टोक.

गवती_चहा
पारशांची संख्या किती, त्यांची गोष्ट वेगळी आहे. अल्पसंख्याकांनी आपली वसाहत राखणं आणि बहुसंख्याकांनी दुसऱ्याला बाहेर ठेवणं एक नव्हे.

पुढची_तारीख
मान्य. पण निकाल त्या एका वसाहतीपुरता थांबत नाही ना. त्याचा दाखला कोणीही देतो.

जांभूळपाडा
अवांतर, पण सासूबाईंच्या "आपण कुठल्या खात्यात"चं उत्तर खरंच दिलेलं आहे! अमेरिकेत गेलेले पंजाबी शीख भगतसिंग थिंद, १९२३. ते म्हणाले, मी आर्य, म्हणजे गोऱ्या वंशाचा, नागरिकत्व द्या. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीने तुम्ही गोरे नाही. त्याच्या आधी, १९१५ च्या सुमारास भारतातून आलेल्या बगाई कुटुंबाने कॅलिफोर्नियात बर्कलीला घर घेतलं तर सामान घेऊन पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी घराला कुलूप घातलेलं. बर्कलीत आता एका रस्त्याला त्याच घरातल्या काला बगाई या बाईंचं नाव आहे.

तेव्हा सासूबाईंना सांगा, 'नोकर सोडून' या खात्यात.

पाणंद
@जांभूळपाडा, सांगितलं. म्हणाल्या, "नोकरांना चालत होतं म्हणजे सोवळं नव्हतं, नुसता माज होता." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्याकडे उलट. भांडी घासायला मागच्या दाराने." आणि उठून देवापाशी गेल्या. मी पुढे काही विचारलं नाही.

ते कलम परत वाचलं. शिकागोच्या नमुना मसुद्यात तर काळ्या रखवालदाराने आणि शोफरने कुठे राहायचं तेही लिहिलेलं असे, तळघरात किंवा मागच्या गॅरेजमध्ये. म्हणजे घराजवळ माणूस नको होता असं नाहीच.

नदीपलीकडे
मूळ प्रश्नाकडे यायचं तर, काय जिंकले? त्या निकालाने साधारण ५०० घरं मोकळी झाली. गर्दीने फुटायला आलेल्या पट्टीला ५०० घरं म्हणजे काय ते मुंबईकरांना सांगायला नको. पुढच्या काही वर्षांत तो भाग बहुतेक सगळा काळा झाला, गोरे निघून गेले. शेजार मिळाला नाही, घरं मिळाली.

हॅन्सबेरींना स्वतःला ते पुरेसं वाटलं नसावं. ते मेक्सिकोला कायमचं जायची तयारी करत होते, तिथेच १९४६ मध्ये वारले. शेलीचा निकाल त्यांना दिसला नाही. लॉरेन १९६५ मध्ये कर्करोगाने गेली, ३४ वर्षांची. घरात भेदभाव करायला बंदी घालणारा फेअर हाउसिंग कायदा आला ११ एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंगना मारल्यानंतर आठवड्याने. आणि याच किंगना १९६६ मध्ये शिकागोच्या मार्क्वेट पार्कात घरांच्या प्रश्नावरच्या मोर्चात डोक्याला दगड लागला होता.

मी दोन वर्षांपूर्वी ऱ्होड्स अव्हेन्यूवर जाऊन आलो. विटांची तीन मजली इमारत, आजूबाजूला तशाच. २०१० मध्ये शहराने वारसा म्हणून जाहीर केलीय. समोरच्या पायरीवर एक आजोबा बसले होते, म्हणाले, फोटो काढा, पण मला घेऊ नका. मग स्वतःच सांगू लागले, ओबामा सेंटर जवळ होतंय म्हणून भाडी वाढलीत, आता काळ्या लोकांनाच इथे परवडेना.

कोरडा_दुष्काळ
म्हणजे ८० वर्षांनी परत बाहेरच.

गच्चीवरची_मांजर
@पाणंद, इलिनॉयमध्ये ते कलम आता काढता येतं, काउंटीच्या रेकॉर्डरकडे अर्ज करून. आमच्या शेजाऱ्यांनी केलं. जुना कागद नोंदीत राहतो, दुरुस्तीचा नवा कागद त्याच्यावर चढतो.

खडीसाखर
मी नसतं काढलं. राहू दे की दिसायला.

सत्तावीस_पायऱ्या
मी काढलं असतं. दिसायला माझ्याकडे बाकी बरंच आहे.

पाणंद
दोघांचं पटतंय, हीच अडचण. फॉर्म डाउनलोड केलाय, नवऱ्याची सही झालीये. माझी राहिलीये.

अडगुलं_मडगुलं
मेव्हणा तिकडेच राहतो, १९४० च्या आसपासचं घर. त्याच्या कागदात हे असेल का? कुठे बघायचं?

हिशेबाची_वही
क्लोजिंगच्या फाइलमध्ये टायटल कमिटमेंट नावाचा कागद असतो. त्यातलं शेड्यूल बी बघायचं. तिथे जुन्या कराराचा डॉक्युमेंट नंबर असेल. तो रेकॉर्डरकडे दिला की मूळ पान मिळतं.

अडगुलं_मडगुलं
विचारलं. फाइल माळ्यावर आहे म्हणे, शनिवारी शिडी लावून काढतो. कळवतो.